दारू पण आणि मनावरचा जुना घाव पण: दोन्हीसाठी चालणाऱ्या ग्रुपबद्दल नागपूरकर विचारतात ते प्रश्न

लोक फोनवर विचारतात ते, आणि ग्रुप संपल्यावर जिन्यात थांबवून हळू आवाजात विचारतात ते, असे सगळे प्रश्न इथे टाकलेत. सगळं वाचायलाच पाहिजे असं नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा, बाकी नंतर.

हा ग्रुप नेमका कोणासाठी आहे?

ज्यांची दारू, गांजा, एमडी (मेफेड्रोनची पावडर), झोपेच्या गोळ्या, कफ सिरप यातलं काहीतरी सुटलंय किंवा सोडणं चालू आहे, आणि ज्यांच्या मागे असं काही घडून गेलंय की ते अजून पाठ सोडत नाही, अशा लोकांसाठी. वय १८ च्या वर. येणाऱ्यांमध्ये हायवेच्या अपघातातून एकटेच वाचलेले आहेत, लहानपणी घरातल्याच माणसाने अंगाला हात लावलेले आहेत, नवऱ्याचा मार खाल्लेल्या ताया आहेत, बापाला फासावरून खाली उतरवलेली शेतकऱ्यांची पोरं आहेत, आणि एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनात, या शहरात एका बेडसाठी, एका सिलेंडरसाठी रात्रभर फिरून शेवटी घरचं माणूस गाडीतच गमावलेले लोक पण आहेत. यातल्या बहुतेकांनी मजा म्हणून पिणं वाढवलं नाही. पिल्यावर दोन तास डोकं शांत व्हायचं, झोप लागायची, म्हणून वाढत गेलं.

पण माझ्यासोबत एवढं मोठं काही झालंच नाही हो, मग मी कसा येऊ?

हे पुरुष माणसं जास्त विचारतात. "बाबा पट्ट्याने मारायचे, पण तेव्हा सगळ्यांचेच मारायचे, त्यात काय." आम्ही घटनेला मार्क देत नाही. तिने तुमच्या अंगात काय ठेवलंय ते बघतो. मागून कोणी हात ठेवला की दचकून उठता का, एखाद्या रस्त्याने जायचं टाळता का, तेच तेच स्वप्न पडतं का, घरच्यांवर कारण नसताना उखडता का, की उलट काहीच वाटत नाही, पोराचा वाढदिवस असला तरी आतून सगळं कोरडं? हे असेल तर या.

अशा घावातून होणाऱ्या या त्रासाला पीटीएसडी म्हणतात. हे नाव मनोविकारांच्या अमेरिकन यादीत १९८० मध्ये आलं, तेव्हा चर्चा जास्त व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांची होती, त्यामुळे ट्रॉमा, म्हणजे मनावरचा घाव, हा युद्ध, बॉम्ब यातूनच होतो असं लोकांच्या डोक्यात बसलं. पण १९९८ मध्ये विन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी हजारो साध्यासुध्या, नोकरीधंदा करणाऱ्या माणसांचं लहानपण तपासलं, मारझोड, लैंगिक त्रास, घरात दारू, आईला होणारी मारहाण, घरातलं कोणी जेलमध्ये वगैरे. असे चार किंवा जास्त प्रकार ज्यांनी भोगले होते त्यांच्यात दारू, ड्रग्ज, डिप्रेशन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, काहीच न भोगलेल्यांच्या तुलनेत, ४ ते १२ पट निघाला. म्हणजे त्रास झालेला प्रत्येकजण पितोच असं अजिबात नाही, पण जो पितो त्याला "तुझ्यात दमच नाही" म्हणणं चूक आहे, आणि हे आम्हाला घरोघरी जाऊन सांगावंसं वाटतं.

आधी दारू सोडू की आधी हे मनाचं बघू?

दोन्ही सोबत. या एका गोष्टीसाठीच हा ग्रुप आहे.

पूर्वी सगळीकडे असंच सांगायचे की आधी सहा महिने कोरडे राहा मग बाकीचं बघू. व्यसनमुक्तीवाले म्हणायचे डोक्याचं मनोविकारवाल्यांना दाखवा, मनोविकारवाले म्हणायचे आधी पिणं बंद करून या, आणि माणूस दोघांच्या मधे लटकलेला. होतं काय की दारू बंद केली की दाबून ठेवलेलं सगळं वर येतं, त्या दिवसाचा आवाज, वास, चेहरा, आणि ते सहन होत नाही म्हणून परत बाटली. परत बाटली की परत लाज, घरी भांडण, कधी परत अपघात, परत मार, म्हणजे नवीन घाव. हे चक्र एका बाजूने धरून थांबत नाही. आता गेल्या वीसपंचवीस वर्षांत जे काम झालंय त्यात असं दिसतं की दोन्हीवर एकत्र उपचार केले तर पिणं वाढत नाही, जी भीती सगळ्यांना वाटायची. तरी आपल्याकडे अजून बरेच जण "आधी हे, मग ते" असंच सांगतात, त्यामुळे तुम्हालाही कोणी तसं सांगितलं असेल तर नवल नाही.

दारू बंद केल्यापासून उलट जास्तच बेकार वाटतंय, झोप गेली, घाण स्वप्नं पडतात. मग सोडून फायदा काय झाला?

हे घाबरण्यासारखं वाटतं पण याला कारण आहे. दारू मेंदूला शांत करणारं रसायन, गाबा, त्याचा परिणाम वाढवते. रोज पिणाऱ्याचा मेंदू मग तोल सांभाळायला उत्तेजित करणारी बाजू वाढवून ठेवतो, आणि दारू अचानक गेली की ती वाढलेली बाजू तशीच मोकाट राहते, म्हणून धडधड, घाम, चिडचिड. स्वप्नांचं पण तसंच, ज्या झोपेत स्वप्नं पडतात ती आरईएम झोप दारूने दबलेली असते, बंद केल्यावर ती जोरात परत येते आणि ज्याच्या मनात जुना घाव आहे त्याला तोच घाव रात्री दिसतो. बहुतेकांचं काही आठवड्यांत हलकं होत जातं. काहींना झोप नीट व्हायला महिने लागतात. या काळात एकटं राहू नका आणि "मला दारूच सूट होते" असा निष्कर्ष काढू नका, इतकंच म्हणणं आहे.

मी आजपासूनच एकदम बंद करतो आणि शनिवारी ग्रुपला येतो. चालेल नं?

रोज सकाळपासून लागणारे असाल, सकाळी हात थरथरत असतील, तर नाही चालणार. कृपा करून आधी डॉक्टर.

जिद्दीने घरात कोंडून घेऊन दारू तोडणारे लोक आम्ही पाहिलेत, त्यांची जिद्द खरी असते पण शरीर ऐकत नाही. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ८ तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणसं दिसतात, ताप चढतो, आणि यात जीव जाऊ शकतो. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम सारख्या गोळ्या रोज खाणाऱ्यांचं पण असंच, एकदम तोडायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

अजून एक. गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन "ग्लुकोजची सलाईन लावा" म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. खूप पिणाऱ्याच्या अंगात बी१ म्हणजे थायमिन कमी असतं आणि थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला धोका होऊ शकतो, म्हणून डॉक्टरला पितो हे खरं सांगा, किती पितो ते पण खरं सांगा. डिटॉक्स, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीत अंगातली दारू तोडणं, झालं की ग्रुप आहेच, कुठे पळून जात नाही.

सगळ्यांसमोर माझी पूर्ण गोष्ट सांगावी लागेल का?

नाही. हे तीनदा लिहिलं तरी लोक पहिल्या दिवशी परत विचारतात, म्हणून स्पष्ट सांगतो: काय झालं, कोणी केलं, कसं केलं, हे ग्रुपमध्ये सांगायचंच नाही. सांगायला लागलं कोणी तर आम्ही प्रेमाने थांबवतो.

लोकांना वाटतं ग्रुप म्हणजे एकेकाने उभं राहून रडत सगळं ओकायचं. तसं केलं तर सांगणाऱ्याला त्या रात्री झोप येत नाही आणि ऐकणाऱ्या पाच जणांचे स्वतःचे घाव उघडतात, आणि घरी जाताना वाटेत वाईन शॉप आहेच. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये सावरण्याचे टप्पे मांडले, त्यात पहिला टप्पा सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग परत माणसांत मिसळणं. विहिरीत वाकून बघायचं असेल तर आधी कठडा पाहिजे, तसं आहे हे. आमचा ग्रुप पहिल्या टप्प्याचा आहे. आतलं सगळं काढून बघायचं काम नंतर एकट्याने, त्या विषयातल्या प्रशिक्षित थेरपिस्टसोबत करायचं, ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करत आठवणीवर काम) किंवा एक्सपोजर (सांभाळून हळूहळू आठवणीला सामोरं जाणं) अशा पद्धती आहेत त्याच्या, आणि ज्याला नाही करायचं त्याने नाही केलं तरी चालतं.

मग दीड तास करता काय?

आम्ही जी पद्धत धरून चालतो तिचं नाव सीकिंग सेफ्टी. लिसा नजाविट्स या मानसशास्त्रज्ञांनी ती पीटीएसडी आणि व्यसन एकत्र असणाऱ्यांसाठीच बनवली, २००२ मध्ये ती पुस्तकरूपात आली. २५ विषय आहेत, मदत कशी मागायची, राग, प्रामाणिकपणा, नात्यात मर्यादा कशी आखायची, ट्रिगर, म्हणजे जुनं सगळं जागं करणारी गोष्ट, आला तर काय करायचं, असे. कुठूनही सुरू केलं तरी चालतं, म्हणून मधेच येणाऱ्याचं काही अडत नाही.

सुरुवातीला प्रत्येकजण थोडक्यात सांगतो: कसं वाटतंय, मागच्या वेळेपासून स्वतःला सांभाळायला चांगलं काय केलं, काही घेतलं का किंवा जिवाला धोका होईल असं काही केलं का, आणि मागच्या वेळी जो शब्द दिला होता तो पाळला का. मग त्या दिवसाचा विषय आणि त्यावर बोलणं, आपल्या आपल्या आयुष्यातली या आठवड्यातली गोष्ट घेऊन. शेवटी पुढच्या वेळेपर्यंतचा एक छोटासा शब्द. "दारू सोडीन" असला नाही, "मंगळवारी बहिणीला फोन करीन" असला.

एक भाऊ यायचे, त्यांना विचारून आणि ओळख बदलून लिहितोय. ट्रकच्या धडकेत त्यांचा मित्र गेला होता, हे चालवत होते. पहिल्या दिवशी दाराजवळची खुर्ची घेतली, ती पण तिरकी करून, म्हणजे दार दिसलं पाहिजे. हेल्मेट पूर्ण वेळ मांडीवर, दोन्ही हातांनी धरून, जणू आत्ता उठून जायचंय. बाहेर कुठेतरी गाडीने ब्रेक करकचून मारला आणि त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला, श्वास वर. ग्रुप चालवणाऱ्या आमच्या ताई बाकी सगळं थांबवून त्यांना म्हणाल्या, भाऊ, पाय जमिनीला टेकवा, आता या खोलीतल्या पाच गोष्टी सांगा ज्या दिसतात. पंखा. कॅलेंडर. त्या काकूंची हिरवी पिशवी. मग चार गोष्टी ज्यांना हात लावता येतो, मग तीन आवाज, मग दोन वास, एक चव. याला ग्राउंडिंग म्हणतात, आणि हे इतकं साधं आहे की लोकांना खरंच वाटत नाही, पण मेंदू "तेव्हा" मधून "आत्ता" मध्ये येतो. मजा म्हणजे बाकीचे पण मनातल्या मनात मोजत बसले होते, आणि एकजण म्हणाला, भाऊ मलाही असंच होते, मी फटाक्याला दचकतो. त्या भाऊंनी पहिल्यांदा मान वर करून कोणाकडे तरी पाहिलं. काही आठवड्यांनी हेल्मेट खुर्चीखाली गेलं, आम्ही त्याबद्दल काही बोललो नाही पण सगळ्यांनी पाहिलं होतं.

एकट्याच्या काउन्सेलिंगमध्ये हे होत नाही. लाज ही ग्रुपमध्येच कमी होते, कारण समोरचा कोणी शिकून आलेला नसतो, भोगून आलेला असतो.

मी एए ला (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस) जातो. मग हे वेगळं काय?

जात राहा, सोडू नका. एए १९३५ मध्ये अमेरिकेत दोन पिणाऱ्यांच्या भेटीतून सुरू झालं, ते एकमेकांना मदत करणाऱ्या पिणाऱ्यांचंच आहे, पैसे लागत नाहीत, आठवड्यात कितीही सभा करता येतात, आणि रात्री अकराला फोन उचलणारा स्पॉन्सर, म्हणजे आधी सावरलेला जुना सोबती, मिळतो, जे आम्ही देऊ शकत नाही. आमच्या ग्रुपमध्ये प्रशिक्षित दोन माणसं बसलेली असतात, लोक आठ-दहाच्या वर घेत नाही, आणि ट्रॉमावर मुद्दाम काम होतं. काहींना, विशेषतः अत्याचार झालेल्या तायांना, "मी शक्तिहीन आहे" हे एए च्या बारा पावलांमधलं पहिलं पाऊल जड जातं, कारण शक्तिहीन असणं त्यांनी पुरेपूर भोगलेलं असतं. अशा वेळी घाई नको, त्यावर बोलू. बरेच जण दोन्हीकडे जातात आणि त्यांचं चांगलं चालतं.

व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो, आता परत ग्रुप काहून?

केंद्राने तुमची दारू तोडली, शरीर सावरलं, ते मोठं काम आहे. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, अशा कामामुळेच व्यसन हा आजार आहे ही गोष्ट मराठी घरांत पोचली. पण केंद्रात दार बंद असतं, दारू नसते, तो शेजारी नसतो, ती खोली नसते जिथे ते घडलं. घरी आल्यावर हे सगळं आहे. खरी परीक्षा घरी आल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत असते आणि तेव्हाच माणसाला एकटं सोडतात.

आणि तुम्हाला एखाद्या ठिकाणी बांधून ठेवलं असेल, मारलं असेल, फसवून गाडीत घालून नेलं असेल तर तो पण ट्रॉमाच आहे. असं ऐकलं की आम्हाला फार वाईट वाटतं. त्यावर इथे बोलू शकता.

नागपूर केवढंसं आहे, कोणीतरी ओळखीचं निघेलच. मग?

निघू शकतं. झालंय असं. एकाच ऑफिसमधले दोघं एकाच ग्रुपमध्ये आले, दारातच एकमेकांना पाहून दोघंही परत फिरायला लागले. त्यांच्याशी बोलून एकाला दुसऱ्या दिवसाच्या ग्रुपमध्ये घेतलं. म्हणून आम्ही आधी एकेकट्याला भेटतो आणि काय काम, कुठे राहता हे विचारून ठेवतो.

नियम साधा आहे, इथे ऐकलेलं बाहेर नाही, आणि बाहेर भेट झाली, बर्डीच्या गर्दीत, मेट्रोत, लग्नात, तर समोरच्याने आधी ओळख दाखवल्याशिवाय आपण दाखवायची नाही. फोन बंद करून बाहेरच्या टेबलावर. व्हॉट्सॲप ग्रुप आम्ही मुद्दाम काढलेला नाही. कायद्याचं म्हणाल तर मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये, कलम २३, उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवायचा हक्क आहे, आणि दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास त्या कायद्यात येतात. दोन ठिकाणी आम्हाला गप्प बसता येत नाही, हे आधीच सांगतो: तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला लगेचचा धोका असेल तर, आणि १८ वर्षांखालच्या लेकरावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर. पॉक्सो, म्हणजे लेकरांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्यात, ते कळवणं बंधनकारक आहे.

ड्रग्ज घेतो हे सांगितलं तर पोलिस पकडतील का?

उपचारासाठी आलात म्हणून आम्ही कोणाला कळवत नाही. एनडीपीएस, म्हणजे ड्रग्जविरोधी कायद्यातच, कलम ६४ए, अशी सोय आहे की थोड्या प्रमाणात बाळगल्याचा किंवा सेवनाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही, पण उपचार पूर्ण करावे लागतात. केस आधीच चालू असेल तर वकिलाशी बोला, आम्ही कायद्याचा सल्ला देणारे नाही. वर्ध्याहून, गडचिरोलीहून येणारे लोक तर दारूबद्दल सांगायला पण घाबरतात कारण तिकडे दारूबंदी आहे. इथे घाबरू नका.

बायका-पुरुष एकत्र असतात का?

तायांचा ग्रुप वेगळा आहे. त्यांचा घाव बऱ्याचदा पुरुषाकडूनच आलेला असतो, आणि समोर पुरुष बसले की आवाजच फुटत नाही. पुरुष पितो तर घर त्याला सांभाळून घेतं, बाई पिते तर घर तिला लपवतं, त्यामुळे ताया फार उशिरा येतात, तोपर्यंत लिव्हर, लेकरं, नोकरी सगळं पणाला लागलेलं असतं. लहान बाळ घेऊन आलात तरी चालेल, बाहेर एक काकू सांभाळतात. घरात मारहाण आत्ताही चालू असेल तर ते आधी सांगा, १८१ ही महिलांची हेल्पलाईन आहे, त्यावर पण आम्ही सोबत बसून फोन लावून देतो.

पिऊन आलो तर? मधेच एखाद्या दिवशी घसरलो तर?

पिऊन आलात तर त्या दिवशी आत बसता येणार नाही, कारण नुसत्या वासाने बाकीच्यांना तलफ येते. पण हाकलत नाही. बाहेर बसवतो, पाणी देतो, घरी कसं जायचं ते बघतो आणि पुढच्या वेळी या म्हणतो.

घसरलात तर लवकर या. हीच वेळ असते जेव्हा लोक यायचं बंद करतात, तोंड कसं दाखवू म्हणून, आणि एका दिवसाचं पिणं मग महिन्याचं होतं. ग्रुपमध्ये आपण तो दिवस उलगडून बघतो, सकाळी काय झालं होतं, जेवला होता का, कोणाचा फोन आला, कोणती तारीख होती. तारीख फार वेळा सापडते. आई गेली तो दिवस, अपघाताचा दिवस, आणि माणसाला स्वतःला लक्षात पण नसतं की आज तो दिवस आहे.

तलफेबद्दल एक कामाची गोष्ट. ती चढते, शिखराला जाते आणि बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत उतरते, न पिता पण उतरते. ते वीस मिनिटं काय करायचं हे आधीच कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. आणि उन्हाळ्यात, ४५ डिग्रीत दुपारी उपाशी, तहानलेलं फिरू नका, भूक आणि थकवा तलफेसारखाच वाटतो.

सणासुदीला काय करायचं? मारबत, गणपती, लग्नाची वरात, सगळीकडे ढोल आणि सगळीकडे पाजणारे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत ज्याला आवाजाचा त्रास होतो त्याने नाही गेलं तरी चालतं, मिरवणुकीतला बडग्याचा पुतळा काही नाराज होत नाही. जायचंच असेल तर एकटं नाही, एक न पिणारा माणूस सोबत, गाडी आपली आपल्याकडे, आणि निघायची वेळ आधीच ठरवलेली. लग्नात "एक घे नं बे, काय होते" म्हणणाऱ्याला लांबलचक कारण देऊ नका. "गोळ्या चालू आहेत" म्हणा आणि तिथून हला. दिवाळीच्या आठवड्यात आम्ही ग्रुप बंद ठेवत नाही.

नवऱ्याच्या जेवणात गुपचूप दारू सोडायचं औषध टाकते. बरोबर आहे नं?

ताई, थांबवा हे. तुमची तळमळ समजते, पण त्या पुडीत किंवा गोळीत बहुतेक वेळा डायसल्फिराम असतं. ते अंगात असताना दारू पोटात गेली की चेहरा लाल, उलट्या, छातीत दुखणं, बीपी एकदम खाली, आणि हृदयाचा त्रास असणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही जवळपास दोन आठवडे असं होऊ शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीत, स्वतः माहीत असून घेणाऱ्याला याचा उपयोग होतो, तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी दुसरी औषधं पण आहेत. पण चोरून नाही. आणि ज्या माणसाचा भरवसा आधीच कोणीतरी मोडलाय त्याला आपल्याच घरच्या ताटावर शंका यायला लागली तर तो परत कोणावर विश्वास ठेवेल का? घरच्यांसाठी वेगळी बैठक असते, तुम्ही या, तो आला नाही तरी तुम्ही या.

मनाच्या गोळ्या चालू आहेत, ग्रुपला आलो की बंद करू शकतो का?

स्वतःहून नाही. पीटीएसडीसाठी सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन सारखी औषधं देतात, त्यांची सवय लागते असं लोक म्हणतात पण दारूसारखी तलफ त्यांची येत नाही, फक्त एकदम बंद केली तर चक्कर, अस्वस्थपणा येतो म्हणून हळू कमी करतात. उलट मेडिकल स्टोअरमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या झोपेच्या गोळ्यांपासून जपा, आधी व्यसन झालेल्याला त्या लवकर चिकटतात आणि पीटीएसडी त्यांनी बरा होत नाही.

खर्रा, सिगरेट चालते का?

आत नाही. खर्रा बाहेर टाकून, चूळ भरून या. पूर्ण सोडायचा असेल तर मदत करतो. "एकावेळी एकच सोडू, नाहीतर दारू परत लागेल" असं बरेच जण म्हणतात पण तंबाखू सोबत सोडली तर दारूचं बिघडतं असं अभ्यासात दिसत नाही.

पैसे किती लागतात? सरकारी ठिकाणी काही होतं का?

ज्याला जमेल तो देतो, ज्याला नाही जमत त्याला विचारत नाही. डॉक्टर आणि औषधांसाठी मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत मानसोपचार ओपीडी आहे, मिहानला एम्स आहे, कोराडी रोडला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. "पागलखाना" म्हणून तिथे जायला लोक लाजतात, ते नाव आता टाका, ते दवाखाना आहे. विमा असेल तर २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला सांगितलंय, पॉलिसीचे कागद नीट वाचा.

आत्ता जीव द्यावासा वाटतोय, ग्रुप शनिवारी आहे. काय करू?

शनिवारची वाट बघायची नाही. १४४१६ लावा, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीपण चालू, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६. हातात काही असेल, गोळ्या, फवारणीचं औषध, दोर, ते दुसऱ्याच्या हवाली करा आणि माणसाजवळ जाऊन बसा, शेजारी असला तरी चालेल. काही घेतलं असेल तर ११२ किंवा थेट मेडिकलची कॅज्युअल्टी. घरच्यांनो, "मला नाही जगायचं" असं कोणी पिऊन बोललं तरी ते नाटक समजू नका, दारूत हात लवकर चालतो. आणि पोलिस केस होईल म्हणून दवाखान्यात न्यायला उशीर करू नका, प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणात होता असंच कायदा आता धरून चालतो आणि त्याला शिक्षा करत नाही.

किती दिवस यावं लागेल?

२५ विषय, आठवड्याला एक, म्हणजे साधारण सहा महिने. काही जण दुसऱ्यांदा पूर्ण करतात. पहिले तीन-चार आठवडे बहुतेकांना वाटतं की हे आपलं काम नाही, लोक फार बोलतात किंवा कोणीच बोलत नाही, तेवढं निघू द्या. सोडायचं ठरवलं तर न येता गायब होऊ नका, एकदा येऊन सांगून जा, कारण बाकीचे काळजी करतात, काहींना वाटतं माझ्याच बोलण्याने गेला.

पहिल्या दिवशी येताना काय आणायचं?

चालू असलेल्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, असतील तर डिस्चार्जचे कागद, आणि कोणाला फोन करायचा तो एक नंबर. जेवून या. सोबत कोणी आलं तर ते बाहेर बसतील, चहा मिळतो. पंधरा मिनिटं आधी या म्हणजे जागा निवडता येते, दाराजवळची पाहिजे असेल तर तसं सांगा, ठेवून देऊ. नाव सांगायचं नसेल तर कोणतंही नाव सांगा, आम्ही त्याच नावाने हाक मारू. पहिल्या दिवशी "आज मी फक्त ऐकतो" इतकंच बोललात तरी चालतं.